फडताळाच्या जागी काचेचा हौद

माझं फडताळ मला न विचारता फोडलं. मी परसात भांडी घासत होते. आतून ठोके ऐकू आले म्हणून राखेच्या हातांनीच धावले, तर चुलीसमोरच्या भिंतीला भगदाड पडलेलं आणि त्यातून बैठकीची खोली आरपार दिसत होती. लोणच्याची बरणी, मसाल्याचे डबे, मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले तेव्हाची माझी दोन पुस्तकं, सगळं जमिनीवर ठेवलेलं आणि त्यावर मातीचा चुरा. ती दोन पुस्तकं मी पदराने पुसली, पण पानांत गेलेली माती पुढे कधी पूर्ण निघाली नाही.

जुन्नरात आमचा हिरड्याचा व्यापार. हिरडा मुंबईला पाठवायचा म्हणून ह्यांच्या वर्षातून दोन-तीन खेपा होत. त्या खेपेला कुणा बड्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात भिंतीत बसवलेला काचेचा हौद ह्यांनी पाहिला. आत रंगीत मासे, मागून उजेड. घरी आल्यावर आठ दिवस जेवताना दुसरं बोलणं नव्हतं. मला वाटलं, बोलून बोलून हौस फिटेल. पण काचा आधीच सांगून आले होते. पुण्यापर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीत पेंढ्यात गुंडाळून त्या आल्या, तेव्हा मला कळलं की जागासुद्धा ठरली आहे. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत दीड हात जाड. तिच्यात फडताळ होतंच. "अर्धं काम झालेलंच आहे," हे म्हणाले.

"मग डबे कुठे ठेवू?" मी विचारलं.

"घर काय एवढंसं आहे?"

सासूबाई ताक घुसळत होत्या. त्यांनी रवी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घुसळायला लागल्या. त्या दिवशी त्या एक शब्द बोलल्या असत्या तर पुढचं घडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

काम करायला गावातलाच एक मुसलमान कारागीर होता. कंदील, तसबिरी, देवघरांच्या काचा त्याच्याच हातच्या. लोखंडी चौकट त्याने उभी केली, खाली दगडी फरशी घातली, आणि शेंदूर व जवसाचं तेल मळून केलेल्या लुकणाने सांधे बुजवले. काम नेटकं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. काचा बसवण्याआधी तो मान खाली घालून ह्यांना म्हणाला होता, मी चुलीपाशी ऐकलं, "शेट, पलीकडं चूल हाय. मागं फळी मारू आन् वरनं दिवा सोडू. मासं दिसतील."

"फळी मारली तर मजा काय राहिली? उजेड मागूनच आला पाहिजे."

दोन्ही बाजूंना काच लागली. माणसाच्या पसरलेल्या दोन्ही हातांएवढी लांब, आणि उंची नेमकी अशी की चुलीपुढे बसलेल्या बाईचं डोकं, खांदे आणि हात बैठकीतून स्वच्छ दिसावेत.

नव्या लुकणाचं विष उतरेपर्यंत पाणी भरा आणि ओता, असं कारागिराने सांगितलं होतं. हे तेवढं मला सांगून दुकानात निघून गेले. तीसेक घागरी विहिरीवरून आणायच्या, दोन दिवसांनी बादलीने उपसायच्या, पुन्हा आणायच्या. पंधरा दिवस मी हे केलं. त्यातच पहिल्यांदा एक सांधा गळला आणि सरपण भिजलं. ओल्या लाकडांचा धूर मी गिळला, आणि भाकरी उशिरा झाली म्हणून बोलणीही मीच खाल्ली. मी का केलं ते? कुणी हात धरून विहिरीवर नेलं नव्हतं. ह्यांच्यावर जेवढा राग आहे त्यातला थोडा माझ्या त्या मुकाट पायांवरही आहे.

मासे आणले मढ गावच्या एका माणसाने. तो दर हंगामात हिरडा घेऊन आमच्या दुकानी यायचा. या खेपेला गाडीत बायको होती, आणि नदीच्या डोहातले मासे माठात घालून, वर ओलं फडकं बांधून त्याने आणले होते. हे एका जाड्या मरळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही हवीच."

"मरळ नगा सोडू, शेट. बारक्या माशास्नी खाऊन टाकंल."

"खाऊ दे. पाहायला मिळेल."

चार दिवसांनी ह्यांनी गावातल्या मंडळींना फराळाला बोलावलं. कचेरीतले एक मोठे कारकून, दोन व्यापारी, एक वैद्य. आतमध्ये मी भजी तळत होते. चुलीच्या आचेने घाम सुटलेला, दोन्ही हात पिठाचे, पदर खांद्यावरून घसरलेला आणि तो सावरायला हात मोकळा नाही. एवढ्यात पलीकडून कारकुनाचा आवाज आला.

"अहो शेट, बाकीचे ओळखले. पण हा मागचा मोठा मासा कोणत्या नदीतला?"

सगळे हसले. मी वर पाहिलं. पाण्यापलीकडे चार-पाच तोंडं काचेला जवळजवळ टेकलेली, पाण्यामुळे फुगलेली. आणि त्यांत आमच्या घरधन्यांचं तोंडही होतं. तेही हसत होते.

"तो घरच्याच विहिरीतला," हे म्हणाले.

पिठाचा हात तसाच कढईवर राहिला. तेलाचा थेंब मनगटावर उडाला तरी मला कळलं नाही. मी कढई उतरवली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि भिंतीआड जाऊन उभी राहिले. भजी बाहेर गेली नाहीत. ह्यांनी दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. शेवटी सासूबाईंनी गुळ-शेंगदाण्यांचं ताट बाहेर नेलं.

पाहुणे गेल्यावर हे आत आले. "चार माणसांत माझी शोभा केलीस."

"माझी कुणी केली?"

"थट्टेत बोलले ते. एवढं काय लागायचं?"

"तुमच्या आईला म्हणाले असते तर?"

ह्यांनी हात उचलला. मारला नाही. पण उचलला, आणि सासूबाईंनी तो पाहिला, हे मी लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी परसातल्या मडक्यातला चुना कालवला आणि माझ्या बाजूची काच या कडेपासून त्या कडेपर्यंत पोतारून काढली. बैठकीतून हौद अंधारा दिसू लागला. ह्यांनी दुकानातून येऊन पाहिलं आणि ओरडले, "धू ते आत्ताच्या आत्ता!"

"तुम्ही धुवा."

त्यांनी धुतली. मी पुन्हा पोतारली. तिसऱ्यांदा पोतारली तेव्हा हे म्हणाले, "ऐकायचं नसेल तर माहेरची वाट धर." घाबरवायला बोलले होते. आजवर त्या वाक्याने मी घाबरतही आले होते. त्या दिवशी मात्र घाबरले नाही. लुगडी आणि ती मातकट पुस्तकं गाठोड्यात बांधून मी दारात आले. मढचा माणूस हिरड्याची दुसरी खेप अंगणात उतरवून गाडी जुंपत होता. त्याच्या बायकोने माझं तोंड पाहिलं आणि गाडीत सरकून जागा केली. "बस आक्का," ती म्हणाली, "डिंगोऱ्यावरनंच जायाचं हाय आमाला."

डिंगोऱ्याला, माझ्या माहेरी, वडील खळ्यावर होते. मी सगळं सांगितलं, कारकुनाचं वाक्यसुद्धा. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग उठले, अंगावरचं भूस झटकलं आणि म्हणाले, "ऱ्हा हितं. कोण न्यायला येतंय ते बघू."

आधी दुकानातला माणूस आला. वडिलांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. मग महिन्याभराने हे स्वतः आले. तोवर हौदाला पाणी घालणारं कुणी उरलं नव्हतं. सासूबाईंनी कंबर दुखते म्हणून घागर उचलायचं नाकारलं होतं, गड्याला दुकान सोडून येता येत नव्हतं. मरळीने बाकीचे मासे खाल्ले, आणि एका सकाळी तीच उघड्या हौदातून वरून उसळून चुलीच्या राखेत मरून पडलेली सापडली.

हे ओसरीवर बसून म्हणाले, "झालं गेलं सोडा. घरात अडचण होते आहे."

वडील म्हणाले, "पावणं, आमी लेक दिली ती तुमच्या संसाराला. तमाशाला न्हाई दिली. आधी भिंत बांधा, मग न्यायला या."

"काचा मुंबईच्या आहेत," हे म्हणाले. माझ्याकडे एकदाही न पाहता, हे एवढंच म्हणाले. मी आत दाराला टेकून उभी होते. त्या क्षणी मला जेवढी चीड आली तेवढी पाहुण्यांच्या हसण्यानेही आली नव्हती.

भिंत बांधली. त्याच कारागिराने काचा काढल्या आणि गवंड्याने भगदाड विटांनी बुजवलं. फडताळ मात्र परत केलं नाही. ती भिंत सपाट लिंपून घेतली, आणि मी नांदायला परत आले तेव्हापासून माझे डबे कायम फळीवर राहिले. मी ते मागितलं नाही, ह्यांनी दिलं नाही.

ह्यांनी माफी मागितली नाही. गावात सांगितलं की सांधे कच्चे होते, कारागिराने फसवलं. त्या माणसाची कामं त्यामुळे तुटली. हे कानावर आलं तेव्हा मी त्याच्या घरी गेले. दारात त्याची बायको होती. तिला मी सांगितलं की हौद तुझ्या नवऱ्यामुळे गेला नाही, माझ्यामुळे गेला, आणि विचारेल त्याला असंच सांग. मग घरी येऊन जेवायला वाढताना ह्यांनाही सांगितलं की मी कुठे गेले होते आणि काय बोलून आले.

हे ताटावरून उठले. मी ताट तसंच झाकून ठेवलं आणि माझं वाढून घेतलं.