हो म्हणण्याआधी

कॉलेजमधल्या आमच्या विभागातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी संख्याशास्त्राचं नवं सॉफ्टवेअर टाकत होते. स्क्रीनवर नावं सरकू लागली. सॉफ्टवेअरला आधी एक फाइल हवी, त्या फाइलला दुसरी, दुसरीला आणखी कुठली तरी. एकही नाव ओळखीचं नव्हतं. मग सगळं थांबलं आणि प्रश्न आला: जुन्यापैकी काही भाग काढून टाकावे लागतील, चालेल का?

मुलांची वर्षभराची कामं या जुन्या भागांवरच उघडतात. यातला कोणता भाग कशाला धरून आहे, कुणाला ठाऊक?

"हो म्हणा, मॅडम. सगळे होच म्हणतात," शेजारच्या टेबलावरून जोशी सर म्हणाले.

मला भीती वाटली ती त्याचीच, काय जाणार ते न कळता हो म्हणण्याची. माझं रोजचं जगणंही असंच कशाकशावर उभं असणार. छातीत, नवऱ्याच्या गप्प बसण्यात, कितीतरी बारीक गोष्टी मुकाट्यानं काम करत असतील. त्या काय होत्या ते मला कळेल, पण त्या गेल्यावर.

दसऱ्याला आमच्या शिपाईमामांनी या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं होतं. मशीनला काय कळतंय, म्हणून मी हसले होते. आता माझं बोट आपसूक स्क्रीनच्या कडेवरच्या त्या वाळक्या कुंकवावर टेकलं, आणि मग त्याच बोटानं मी एंटर दाबलं.

स्क्रीन काळी झाली. मुलांना संभाव्यता शिकवणारी मी श्वास रोखून बघत राहिले. एंटरवर कुंकवाचा ठसा तेवढा दिसत होता.