त्यांच्या तक्त्यातली मावशी

"मावशी, जरा इकडे या. हात पुसून या."

मी हात पुसून गेले. व्हरांड्यात टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर पाच चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एकेक जोडपं. सगळी साठीपुढची, सगळी मराठी, सगळी तुकतुकीत. साहेबांनी मला पडद्यासमोर उभं केलं. खुर्ची होती, पण तिच्यावर मॅडमचा पोहायचा टॉवेल वाळत होता.

"ही आमची मावशी," साहेब म्हणाले. "मावशी, सांगा यांना, महिन्याला कितीत भागतं तुमचं?"

मी आकडा सांगितला.

"दिवसाला?" पडद्यातून एक बाई म्हणाली.

"नाही, नाही. महिन्याला!" साहेब असे बोलले की जणू ती काटकसर त्यांनीच केली होती.

सगळे हसले. वाईट नाही हसले. लहान पोर शहाण्यासारखं बोललं की हसतात, तसे हसले.

"आणि औषधपाणी?"

"लागत नाही," मी म्हटलं.

"बघा. हवाच तशी आहे इथली."

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. एकदा सांगितला, तेवढी चूक पुरे.

साहेब आणि मॅडम मूळचे दादरचे. सगळी हयात इंग्लंडात गेली. थंडीने सांधे धरले, आणि तिथलं पेन्शन तिथे पुरेना. म्हणून उरलेलं आयुष्य उबेच्या आणि स्वस्त देशात काढायचं असं त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं. सहा जोडपी होती. प्रत्येकाने एकेक देश राहून बघायचा, तिथल्या खर्चाचा तक्ता मांडायचा, मग मतं टाकायची, आणि सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी जायचं. कुणी पोर्तुगाल बघत होतं, कुणी थायलंड, कुणी व्हिएतनाम. साहेबांच्या वाट्याला आमचं गाव आलं, मालवणजवळ, तारकर्लीच्या अंगाचं. परदेशाच्या यादीत आमचं गाव कसं, असं मी मॅडमना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आम्हाला आता हाच परदेश, मावशी."

दोन हिवाळे मी त्यांच्याकडे राबले. जेवण, कपडे, लादी. साहेबांना ताप चढला तेव्हा आठ दिवस त्यांच्या उशाशी बसले, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. ते मी पगारासाठी केलं नाही. लोभासाठी केलं, हे मात्र खरं. मॅडम म्हणाल्या होत्या, "इथलं ठरलं तर हा बंगला आम्ही विकतच घेऊ. मागची खोली तुमची. कायमची."

कायमची. हा शब्द मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

मी विधवा. भावाच्या पडवीत झोपते. मेमध्ये भाच्याचं लग्न होतं. वहिनी वाईट नाही, तिने सरळ सांगितलं, "वन्सांनू, पडवी बंद करून खोली करूची लागतली. तुमचा कायतरी बगा." मी काय बघणार? साहेबांना म्हातारपणासाठी सहा देश होते. मला त्यांच्या बंगल्यामागची ती खोली होती, एवढंच. रात्रंदिवस एकच देवाजवळ मागत होते, यांचं मालवण ठरू दे.

म्हणून आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "उद्या मीटिंग आहे, चांगली साडी नेसा," तेव्हा मी हरखले. वाटलं, गावाबद्दल विचारतील. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, वारा कधी फिरतो, दवाखाना किती लांब. मी मनात सगळं घोकून ठेवलं. सातवीपर्यंत शिकलेली आहे मी, मला बोलता येतं.

विचारलं काय, तर कितीत भागतं.

आणि मी तरी काय सांगितलं? आमच्यात परक्यासमोर "भागता" असंच म्हणतात. चूल पेटली नसली तरी "जेवलंव" म्हणतात. अब्रू असते ती. महिनाअखेरीला मी पेज आणि मीठ खाते. रक्तदाबाची गोळी मोडून अर्धी घेते, तीही एक दिवसाआड. ते सांगितलं नाही. ऐटीत म्हटलं, लागत नाही. माझी ऐट त्यांनी उचलली आणि तक्त्यात टाकली.

साहेब तक्ता मोठ्याने वाचू लागले. मी तिथेच उभी. जा म्हणाले नव्हते.

"हवा, उत्तम. भाडं, पोर्तुगालच्या पाव पट. मदतनीस, स्वस्त, प्रामाणिक, तक्रार करत नाहीत." इथे त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पडद्यातल्या एकाने मला बघून अंगठा वर केला. मी हसले. हो, हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

"आणि मासे," साहेब म्हणाले, "मासे फुकट."

"फुकट?"

"अक्षरशः फुकट. किनाऱ्यावर गेलो, कोळ्यांनी हातात दिले. पैसेच घेईनात. भोळी माणसं."

माझं डोकं तापलं.

तो दिवस मला आठवत होता. माझ्या भावाची रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढून आणायचं मोठं जाळं. तीस-चाळीस माणसं लागतात ओढायला. साहेबांनी फोटोसाठी दोर धरला. असेल पाच मिनिटं. फोटो झाला, सोडला. जाळं वर आलं तर आत निम्मं शेवाळ. बाहेर खोल समुद्रात यांत्रिक बोटींनी आधीच सगळं खरवडून नेलेलं असतं. वाट्याला माणशी चार बांगडे आले. माझ्या भावाने साहेबांचेही चार बाजूला काढले. एक पोरगा कुरकुरला, तर भाऊ म्हणाला, "जेचो हात दोराक, तेचो वाटो. फोटोचो असलो म्हणान काय झाला?"

बापाच्या बापापासून ही रीत आहे. भीक नाही, मेहरबानी नाही. हात लावलास, तू आमच्यातला. त्या दिवशी माझ्या भावाने या माणसाला आपल्यातला धरलं होतं. आणि याने तक्त्यात लिहिलं, फुकट.

"फुकट नाय ते," मी म्हटलं.

साहेब थांबले. "काय मावशी?"

शाळेतली मराठी मला येते. पण त्या वेळी तोंडातून घरचीच निघाली. "वाटो होतो तो. तुमी दोराक हात लावलास म्हणान दिलो. आणि माजा भागना नाय. गोळी अर्धी मोडून खातंय मी. ता पण लिवा तुमच्या तक्त्यात."

कुणी हसलं नाही. एक चौकट काळी झाली. मग दुसरी. साहेबांनी लॅपटॉप मिटला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आम्हाला लाजवलंत. घरच्यासारखं ठेवलं होतं तुम्हाला."

मी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, घडी करून त्यांच्या हातात दिला आणि चपला घातल्या.

त्यांचं पोर्तुगाल ठरलं. तिथली मदतनीस बाई काय खाते, हे तिला कुणी विचारलं असेल का, देव जाणे. निघताना साहेब भावाला भेटले आणि म्हणाले, "इथली माणसं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत." दोन हिवाळ्यांत त्यांना पूर्वीचं सगळं कळलं होतं.

मेमध्ये भाच्याचं लग्न झालं. पडवीला भिंत लागली. मी आता किनाऱ्यावरच्या खोपीत झोपते, जाळ्यांच्या ढिगाशेजारी. खोपीला झावळांची भिंत आहे, तेवढा आडोसा. रापण लागली की गुडघ्यांना फडकं बांधून दोर ओढते. वाट्याला कधी दोन बांगडे येतात, कधी नुसती वाळू. भाऊ म्हणतो, यंदाचं वर्ष काढू, मग जाळं विकू. खोपही जाईल. त्यानंतर कुठे, मला माहीत नाही. मी उगाच धीर देणार नाही, स्वतःलाही नाही.

परवा त्याच बंगल्यात नवं जोडपं आलं. मालकाचा निरोप आला म्हणून गेले. काम हवंच होतं, खोटं कशाला बोलू? नव्या बाई चांगल्या होत्या, बसा म्हणाल्या. मी बसले. मग त्या म्हणाल्या, "आम्ही इथे कायमचं यायचं म्हणतोय. इथे स्वस्त आहे ना, मावशी? तुमचं कितीत भागतं?"

"भागत नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, पगार वाढवून मागते. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो, तरी साधारण?"

"साधारणही भागत नाही."

काम मिळालं नाही. येताना पाणंदीच्या अरुंद वाटेवरच्या चार घरी थांबले. त्या घरांतल्या बायका बंगल्यांवर कामाला जातात. चौघींना सांगितलं, कुणीही विचारलं तर आकडा द्यायचा नाही. "भागता" म्हणायचं नाही. एक म्हणाली, "मगे काम कोण देतलो?" मी म्हटलं, "नाय देतले." आणि पुढच्या घरी गेले.

उद्या पाणंदीपलीकडच्या घरांत जाणार आहे.