लग्नाआधीची कापाकापी

माझं लग्न ठरलं तेव्हा मी भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होतो आणि माझ्याच शरीराच्या एका भागानं माझ्याशी असहकार पुकारला होता. पुढची कातडी इतकी आवळलेली, की लघवीला गेलो की डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यातले बंगाली डॉक्टर म्हणाले, लग्नाआधी कापून घ्या, नाहीतर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात याल. माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी बसल्या जागी मला जग फिरवून आणलं. यहुदी लोक तान्ह्या बाळाचं करतात, मुसलमान करतात, अमेरिकेत तर दवाखानेच सरसकट करून टाकतात. धर्माचा काही संबंध नाही, म्हणाले.

आमच्या घरात मात्र सगळा संबंध धर्माशीच होता. छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या घरातले देव वैनगंगेत सोडून मोकळे झाले. तेव्हापासून हा माणूस पुढे काय करेल याचा नेम नाही, असं शेजारीपाजारी धरूनच चालायचे. ऑपरेशनचं ऐकून बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, करून घे, पण गावभर सांगू नको.

गावभर सांगायचं काम कंपाउंडरनं केलं. ऑपरेशन करून घरी आलो तर पँट घालायची सोय नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये खाणीतला मुसलमान फिटर राहायचा, त्यानं आपली चौकड्यांची लुंगी दिली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको, आमची चाची, शेवयांचं पातेलं आणि झेंडूचा हार घेऊन हजर. मी हार नको म्हणत होतो, पण तिला ते पटेना. "हमारे यहाँ तो इस दिन लड़के को दूल्हा बनाते हैं, और तू मुँह लटकाए बैठा है," म्हणाली आणि हार घालूनच थांबली.

नेमके तेव्हाच माझे होणारे सासरे दारात उभे राहिले. खैरलांजीकडच्या त्यांच्या गावाहून नव्या तांदळाची थैली घेऊन बसनं आले होते. त्यांनी लुंगी पाहिली, हार पाहिला, शेवया पाहिल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून दुआ देणारी चाची पाहिली. बाबा म्हणत होते, पाव्हणे, पाणी तर घ्या. पाव्हण्यांनी तांदळाची थैली परत खांद्यावर टाकली.

"आपन धरम बदलला थो अख्ख्या समाजासंगं बदलला," ते म्हणाले. "हा एकटाच कोनाच्या मांगं चालला?"

आणि गेले. सोयरीक मोडली, असा निरोप त्याच आठवड्यात आला.

मला ती मुलगी हवी होती, सरळ सांगतो. पाहायला गेलो तेव्हा तिनं मान खाली न घालता मला विचारलं होतं, खाणीत भीती वाटते का? मी हो म्हणालो तर हसली. असं खरं बोलायला लावणारी बाई हातची घालवायची माझी तयारी नव्हती. टाके नीट सुकले नव्हते तरी बाबांना घेऊन निघालो. बस खड्ड्याखड्ड्यांतून जात होती, मी अख्खा रस्ता दांडा धरून उभा.

तिच्या घरी चार म्हातारे आधीच जमले होते. बाबांनी डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं, अमेरिकेसकट. एक म्हातारा म्हणाला, अमेरिकेत कोनी पोरगी देऊन राह्यलं काय? दुसऱ्यानं मला आडोशाला नेऊन पाहून घ्यावं असं सुचवलं. पाहून त्याला नेमकं काय कळणार होतं, देव जाणे. मी लाजेनं मेल्यात जमा.

तेवढ्यात ती चहा घेऊन बाहेर आली. कप सगळ्यांपुढे ठेवले आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, मेलेल्या ढोराची कातडी सोलतो म्हनून लोकायनं आपल्याले शिवलं नाही," ती म्हणाली. "आता तुमी बी मानसाले कातडीवरूनच मोजून राह्यले काय?"

माझ्या बाबांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं सभांमधून भाषणं ऐकली, पण त्या ओसरीवर मला पहिल्यांदा आपल्या माणसांचा खराखुरा अभिमान वाटला.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी आपल्या शेजारची सतरंजी हातानं झटकली.

"उभे काहून, जावईबापू? बसा."

मी बसलो. कळ मस्तकात गेली, तरी मांडी घालून बसलो.