धोतराची साक्ष

अकोल्यात कापसाचा भाव सगळ्यांना कळे, पण अकोल्याची हवा कळणारा माणूस एकच होता: आमच्या समोरच्या माडीवर राहणारे वकीलसाहेब. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जो तो त्याच्या भवितव्यावर बोलत होता. वकीलसाहेब तेवढे काजळीवर बोलत. दिवाळी झाली की सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांचे भोंगे सुरू होत, चांद्याकडचा दगडी कोळसा मालगाडीच्या वाघिणी भरभरून येई आणि होळीपर्यंत गावावर काजळी आणि रुईचे तंतू यांचा दुहेरी वर्षाव चाले. आम्ही बाकीचे शिंकून कामाला लागत असू. वकीलसाहेब मात्र रोज सकाळी गच्चीवरच्या दोरीवर एक धुतलेलं पांढरं धोतर टाकत आणि संध्याकाळी कोर्टातून आल्यावर, काळा कोटही न काढता, त्याची उलटतपासणी घेत. स्टेशनकडची बाजू काळी असली तर दोष मालगाडीच्या इंजिनाचा, नाहीतर जिनवाल्यांचा. "मानूस खोटं बोलन, धोतर नाई बोलत," ते म्हणत. खोटं बोलणं स्वतः त्यांनाही जमत नसे. साक्षीदाराला पढवायचं नाही हा त्यांचा बाणा होता. त्यामुळे अशिलं त्यांचा फार आदर करत आणि खटला दुसऱ्याकडे नेत. एका सभेत प्रमुख पाहुण्यांनी चिमण्यांच्या धुराला प्रगतीची पताका म्हटलं, तेव्हा वकीलसाहेब मागच्या रांगेत उठले, पिशवीतून आदल्या दिवशीचं धोतर काढून त्यांनी ते दोन्ही हातांनी उंच धरलं आणि म्हणाले, "साहेब, पताका आमच्या घरी येऊन पडली हाय. वापस घेऊन जा." पाहुण्यांना आभाराचा हार घालायचाही राहून गेला.

या सगळ्या खटाटोपाचं कारण होत्या काकू. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना हसायची फार हौस आणि दमाही तितकाच जुना. त्या हसू लागल्या की हसणं मध्येच खोकल्यात शिरे, आणि हसण्याची चाहूल लागताच वकीलसाहेब पाण्याचा तांब्या आणायला उठत. म्हणून भाऊबीज झाली की काकूंना मोर्शीला, भावाच्या संत्र्याच्या बागेत पाठवलं जाई. धोतर पांढरं उतरलं की परत यायचं, असं दोघांचं ठरलेलं. पण नुसता निरोप वकीलसाहेबांना पटत नसे. पुरावा हजर करायला हवा. दर पंधरवड्याला ते ते धोतर गाठोड्यात बांधून एस.टी.च्या कंडक्टरकडे देत. अमरावतीला गाठोडं मोर्शीच्या गाडीत चढे. काकू ते पाहत, धुवत आणि त्यात संत्री बांधून परत पाठवत. संत्री आली म्हणजे काकू अजून येत नाहीत, हे गल्लीला कळे. नव्वद मैलांवरून नवऱ्याचं धोतर धुणारी ही एकच बाई मी पाहिली.

एका वर्षी कापूस अफाट आला. होळी होऊन गेली तरी भोंगे थांबेनात.  वकीलसाहेब वरणात मीठ टाकायचं विसरत आणि तसंच जेवत. एका संध्याकाळी ते स्वतः धोतराला साबण लावताना मला दिसले. "हे काय, आता धुणं?" मी विचारलं. "डाग पडला होता," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाठोडं रवाना झालं.

दोन-तीन दिवसांनी दारात टांगा थांबला. काकू उतरल्या, बगलेत तेच धोतर. जिना चढून धापा टाकतच त्यांनी विचारलं, "तब्येत कशी हाय तुमची?"

"माही? मले काय झालं?"

"मंग ह्याले साबनाचा वास काहून येऊन राह्यला? जलमभर कोनाले पढवलं नाई, अन् आता धोतराले पढवलं! मले वाटलं, मानूस अंथरुनाले खिळला असन, नाई तं असं करन काय?"

वकीलसाहेबांनी आरोप नाकारला नाही. "घर खायाले उठलं होतं," एवढंच म्हणाले.

काकू हसल्या. त्या हसण्याचा खोकला झाला आणि तो काही केल्या थांबेना. तांब्या रिकामा झाला. वकीलसाहेबांनी घरातली सगळी धोतरं ओली करून दारा-खिडक्यांवर टांगली आणि दुसऱ्या दिवशी पायजम्यात कोर्टात गेले. पण खोकला गल्लीभर ऐकू येतच राहिला. त्याच आठवड्यात त्यांनी वकिली सोडली आणि दोघं मोर्शीला निघून गेले. अशिलांनी हळहळ व्यक्त केली. अशील मुळात फारसं नव्हतंच.

पुढे एका हिवाळ्यात मी मोर्शीला गेलो. वकीलसाहेब अंगणात बाजेवर बसले होते आणि मागे दोरीवर डोळे दिपतील असं धोतर. "इथंही तपासणी?" मी विचारलं.

"काय तपासाव, मास्तर? एक डाग पडत नाई. वकिलानं कराव तरी काय?"

"परवा पडला होता ना!" आतून काकू म्हणाल्या. "भिंग घेऊन अख्ख्या वाडीत दाखवत फिरले. चिमनी बसली होती वरतं!"

आणि त्या हसल्या. ते हसणं सावकाश वर चढलं, रेंगाळलं आणि शेवटपर्यंत जाऊन आपसूक संपलं. वकीलसाहेब सवयीने तांब्यासाठी अर्धे उठले होते. थोडा वेळ ते तसेच कान देऊन राहिले, मग हळूच खाली बसले.