जादूच्या पेटीची मागची फळी

कुठलीही पेटी उघडण्याआधी चाचा तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि विचारायचे, "आतमंदी कोणी हाये का?" क्षणभर थांबायचे. मगच झाकणाला हात लावायचे. पिठाच्या डब्यालाही सूट नव्हती.

उमरखेडला बसस्थानकामागे त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्यानं गेलं असेल तर हिवाळ्यातही सताड उघडं राहणारं ते दार आठवत असेल. आत खाटा आणि चौकटींच्या मागे जादूच्या खेळांचं जुनं सामान रचलेलं होतं: तलवारी खुपसायची पेटी, बाई गायब करायचं कपाट, दुहेरी तळाचे डबे. प्रत्येक वस्तू कोणत्या गावच्या कोणत्या कारागिरानं केली हे ते सांगत. सांगताना आवाज असा की ती माणसं नात्यातली असावीत.

त्यांना बंद जागेचं भय होतं. एसटीत ते दाराजवळच बसायचे. समोरचा पानठेलेवाला त्यांना चिडवायचा, "चाचा, एक दिवस तं कबरीत वर फळ्या लागतीनच ना?"

"लागतीन," ते म्हणायचे. "तवा मी आतमंदी कुठं राहीन?"

मी तेव्हा तिथं वार्ताहर होतो. कापसाचं बिघडलं होतं ती वर्षं. लोकांच्या हाती पैसा नव्हता, जत्रांत तंबूला तिकीट घेणारं कोणी उरलं नव्हतं. जादूच्या कंपन्या मोडल्या आणि त्यांच्या पेट्या मिळेल त्या गावात विकल्या गेल्या. लोक त्यांत गोधड्या ठेवू लागले, ज्वारी ठेवू लागले. मी सामानाच्या संग्रहावर बातमी करायला गेलो होतो. त्यांनी बातमीला नकार दिला आणि दुसरंच सांगितलं.

त्यांच्या उस्तादांच्या कारखान्यात एक नियम होता. पेटी ज्यानं केली त्यानंच आधी आत बसायचं, झाकण लावून घ्यायचं, कळ दाबून मागची फळी सरकवायची आणि बाहेर यायचं. त्याशिवाय पेटीला रंग लागत नसे. पहिली पेटी त्यांनी एकट्यानं केली तेव्हा उस्ताद जेवायला गेले होते. परत आल्यावर उस्तादांनी विचारलं, बसलास? चाचा हो म्हणाले.

"बसलो नोतो," ते मला म्हणाले. "मले भेव वाटलं. अन् झाकणाचा खटका असा का एकडाव बसला का आतून निघत नाई."

पेटी रंगली, एका कंपनीनं नेली. नंतर ती कंपनीही मोडली. कुठल्या तरी घरात ती पेटी आता सामान ठेवायला असणार आणि घरात पोरं असणार, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. बाकीचा सगळा संग्रह त्या एका पेटीच्या शोधात जमलेला होता. दुसऱ्या कारागिराची निघाली तरी ती विकत घेऊन ते आत मान घालून फळी तपासत. खूण त्यांनी मला दिली होती: झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात पटाशी घसरून खाच पडली होती, तिथं लाख भरली आहे.

फुलसावंगीकडच्या एका तांड्यावर मी ती पाहिली. पुसट झालेला मोर, आत कापूस, कोपऱ्यात लाख. मी परत येऊन सांगितलं तेव्हा ते रंधा मारत होते. रंधा चालतच राहिला, पण फळीच्या बाहेर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. घरातल्या म्हातारीनं पाणी दिलं. पेटीचं झाकण लागलेलं होतं. अंगणात पोरं लपाछपी खेळत होती आणि एक जण सापडत नाही म्हणून बाकीचे हाका मारत होते. ते पेटीजवळ गेले, टकटक केली, विचारलं. उत्तर नाही. त्यांचा हात खटक्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. उघडवेना. म्हातारीनंच झाकण उचललं. काठोकाठ कापूस होता. हरवलेला पोरगा गोठ्यातून आला.

"आज भरेल हाये म्हणून," म्हातारी सहज म्हणाली. "उद्या व्यापारी येऊन राह्यला. खाली झाली का पोरं हिच्यातच लपते."

मग त्यांनी कापूस काढून देण्याची विनवणी केली. म्हातारीला कारण कळलं नाही, पण तिनं चादर पसरली.

"मी आतून वाजवल्याबिगर उघडू नका," ते मला म्हणाले. "पन हात खटक्यावरच ठेवजा."

ते आत उतरले, गुडघे छातीशी घेतले. मी झाकण लावलं. खटका बसला. आतून कळ दाबल्याचा आवाज आला, फळी हलली नाही. पुन्हा कळ. मग खांद्यानं ढकलल्यासारखा आवाज. मग श्वास, जो मला जाड सागवानातून ऐकू येत होता. पोरं खेळ सोडून भोवती जमली होती. शेवटी टकटक झाली, अगदी हळू.

मी उघडलं. त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"नाई सरकत," ते म्हणाले. "इतके वर्स मी खोटं भेत नोतो."

त्यांनी फळी काढली, सोबत आणलेल्या रंध्यानं तासली, परत बसवली. आणि कोणी न सांगता पुन्हा आत बसले. या वेळी झाकण लागल्या लागल्या ते मागून बाहेर आले, दाढीत कापूस घेऊन. पोरांना वाटलं, खेळच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी एकदा करा म्हणाली. ते हसले.

पेटी म्हातारीनं दिली नाही. कापूस कुठं ठेवू, म्हणाली. त्यांनी नुसता खटका उपटून घेतला आणि खिशात टाकला. परतीच्या एसटीत ते दाराजवळच बसले. भय काही गेलं नव्हतं.

दोन पावसाळ्यांनंतर ते गेले. मी कबरस्तानात गेलो होतो. कबरीवर एकेक फळी लागत गेली. शेवटची फळी पानठेलेवाल्याच्या हाती आली. तो गुडघ्यावर बसला, लावलेल्या फळीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली आणि कान देऊन थांबला. कोणी हसलं नाही. माती घालायला उभे असलेलेही तेवढा वेळ थांबले.

मग त्यानं फळी ठेवली.