मावशींनी कापलेला गोळीबार

गोळीच्या आवाजाला मावशी दचकत, आणि पोट भरत ते मारधाडीचे तेलुगू चित्रपट जोडून. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या एडिटिंगच्या खोलीत पडद्यावर माणसं पटापटा मरत आणि मावशी आवाज बंद करून, पोहे खात, तुकड्याला तुकडा जुळवत. हैदराबादेतले सिनेमाचं वेड लागलेले सगळे मराठी त्यांना मावशीच म्हणत. मीही.

माझा पहिला चित्रपट एका बाजारपेठेत झालेल्या खऱ्या गोळीबारावर होता. गौलीगुड्याच्या इंदूताईंचा नवरा त्यात गेला होता. त्यांची अट एकच होती: आधी त्या बघणार, आणि त्यांना नको वाटलं तर चित्रपट कुणालाच दाखवायचा नाही. मी शब्द देऊन बसले होते.

गोळीबाराच्या प्रसंगात मी जीव ओतला होता. संथ गतीनं उडणारं रक्त, खुन्याचे डोळे अगदी जवळून. मावशींनी तो एकदा पाहिला आणि सगळाच्या सगळा काढून टाकला. मी खूप भांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "बंदूकवाल्याला क्लोजअप नक्को गं. तो क्लोजअपसाठीच तर आला होता."

पडद्यावर कुणी मरणार असेल, तर तो तिथं काय घ्यायला आला होता, हे मावशी आधी विचारत. इंदूताईंचे यजमान चिंच घ्यायला गेले होते. चिंचेची घासाघीस मी सहज चित्रित करून बाजूला टाकली होती. मावशींनी ती शोधून काढली आणि पूर्ण ठेवली. मग मला बेगम बाजारात नेलं, दुकानं बंद होताना शटरांचे आवाज टिपायला. आता चित्रपटात घासाघीस अर्ध्यावर तुटते, पडदा काळा होतो आणि एकामागून एक शटरं पडत जातात. गोळी एकही ऐकू येत नाही.

मावशींना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले. पण माझ्या वतीनं इंदूताईंनी ते मानले असं मी समजते.

मावशी होत्या तेव्हा इंदूताईंनी चित्रपट त्यांच्या खोलीतच, त्यांच्या शेजारी बसून पाहिला. तो संपला. इंदूताई मावशींकडे वळून म्हणाल्या, "पेपरातला ह्यांचा तो रक्तातला फोटो डोळ्यांपुढून हटतच नव्हता. आमचे हे असेच चाखून चाखून भाव करायचे हो. दाखवा सगळ्यांना. पण आधी ते चिंचेचं एकदा परत लावता का?"

मावशींनी लावलं. या खेपेला इंदूताई हसल्या.