नाक्यासमोरच्या हॉटेलातला दत्ताराम

सुट्टी संपवून इन्सुलीला परतायचं म्हणून मी माझ्या गावच्या, कट्ट्याच्या, एस.टी. थांब्यावर उभा होतो. आचऱ्याच्या गाडीतून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसाने मला पाहिलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "दत्ताराम गेलो. परवा सकाळी न्हावन येताना पडलो, तो उठलोच नाय." माझी गाडी आली, गेली... मी तिथेच बसून राहिलो. दत्तारामने पन्नाशीही गाठली नव्हती.

गोवा मोकळा व्हायच्या आधीपासून आम्ही दोघे गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर कारकून होतो. आठ वर्षं एका खोलीत काढली. त्याचे वडील आचऱ्याला अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे वहिनींना तिथून हलता येत नव्हतं. मी स्टोव्हवर भात नि कुळथाची पिठी करायचो. दत्ताराम मात्र तिन्ही त्रिकाळ समोर नानूच्या हॉटेलात. सकाळी भजी-पाव, दुपारी तेलाचा तवंग आलेला रस्सा, तळलेला बांगडा, वर लोणचं, रात्री पुन्हा तेच. गोड चहाला तर गणतीच नाही. खोलीत जेव म्हटलं की म्हणायचा, "माका एकट्याक घास उतरणा नाय रे." मी असताना एकटा कसा, हे मी विचारलं नाही. त्याला ट्रकवाले लागत, वाटसरू लागत. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा पाय मोडला, सगळं त्याला ठाऊक. गिऱ्हाईक कमी असलं की त्याचं जेवणही कमी व्हायचं.

मग त्याचं डोकं दुखायला लागलं. जिना चढताना धाप लागू लागली. एकदा टेबलावर लिहिता लिहिता नाकातून रक्त आलं, तेव्हा मी त्याला जबरदस्तीने सावंतवाडीला नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला आणि जेवणाची चौकशी केली. दत्तारामने मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "एका दिवसाच्या भजीने काही होत नाही हो. पण हे मीठ, हे तेल तुम्ही वर्षानुवर्षं रोज पोटात घालताय. शरीर मुकाट्याने सोसतं, म्हणून कळत नाही." वडिलांनाही हाच आजार आहे कळल्यावर, सगळा दोष जेवणाचा नाही, असंही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी कमी मिठाची पेज आणि भाजी करू लागलो. दत्ताराम ती टोपात घेऊन नानूच्या हॉटेलात जाऊन बसला! मला वाटलं, नानू चिडणार. पण त्याने टेबल पुसलं नि म्हणाला, "बसा. जागा तुमचीच आसा." महिनाभर हे नीट चाललं. पुढे कुणीतरी आग्रहाने बशी पुढे सरकवायचं आणि दत्तारामला नाही म्हणवायचं नाही...

वडील वारल्यावर त्याची मालवणला बदली झाली आणि तो रोज आचऱ्याला घरी जेवू लागला. वर्षभराने भेटला तेव्हा हलका झाला होता, चेहऱ्यावरची सूज गेली होती. "आता बायल समोर बसता जेवूक. हॉटेल कित्याक होयां?" म्हणाला. पण डॉक्टरांनी हृदय मोठं झाल्याचं सांगितलं होतं. आधीची वर्षं काही पुसली गेली नव्हती.

तेराव्यानंतर मी आचऱ्याला गेलो. वहिनींनी आतून पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत इन्सुलीहून आलेली दत्तारामची सगळी पत्रं. कुठलंही उचलावं, शेवटी तीच ओळ : जेवणाची काळजी करू नये, हॉटेल समोरच आहे, आबाळ होत नाही.

"मी ह्यां वाचून सुखान जेवय," वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुमी तरी माका एकदा लिवूचां होतां."

मी खरं तेच सांगितलं. नाकातून रक्त येईपर्यंत मलाही त्यात लिहिण्यासारखं काही दिसलं नव्हतं. आणि नंतर... नंतर धीर झाला नाही.

वहिनींनी पत्रं तारखेनुसार पुन्हा लावली, झाकण घट्ट बसवलं आणि डबा फडताळात, तांदळाच्या मडक्याशेजारी, रोज हात जाईल असा ठेवला.